भाकरी दिलीत, आता सुईही द्या



आपल्यापैकी बहुतेकांचे कुणी ना कुणी मुंबईला असते. कुणाचा भाऊ, कुणाचा मामा, कुणाची लेक. पूर्वी तर सातारा, पुणे, रत्नागिरी या भागांतल्या गावागावांतून माणसे परळ-लालबागच्या गिरण्यांत कामाला जात आणि त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत गावाकडचा पाहुणा हक्काने उतरे. माझे मामा असेच एक गिरणी कामगार. लहानपणीच्या कितीतरी मे महिन्याच्या सुट्ट्या मी त्यांच्या खोलीत काढल्या. आज मामा नाहीत, त्यांची गिरणीही नाही. मामेबहीण मात्र अजून लालबागलाच राहते.

गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो होतो. तिचे मांजर दोन दिवस धड खात नव्हते आणि पातळ जुलाब करत होते. ती म्हणाली, "दादा, चल माझ्याबरोबर. परळच्या दवाखान्यात दाखवून येऊ." बांबूच्या करंडीत मांजर घातले, वरून जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला आणि आम्ही निघालो.

दवाखान्यात रांग होती. आमच्या पुढे एक वयस्क गृहस्थ बसले होते, मांडीवर तोंड पांढरे झालेला म्हातारा कुत्रा. गिरगावातून टॅक्सी करून आलेल्या एक बाई मांजरीच्या दोन पिल्लांना पिशवीत घेऊन होत्या. शेवटी पंधरा-सोळा वर्षांची चार पोरे होती. त्यांच्याकडे दोरीला बांधलेली एक साधी गावठी कुत्री. विचारले तर म्हणाली, "काका, ही कुणा एकाची नाही. आमच्या चाळीच्या जिन्याखाली राहते. वर्गणी काढून सुई द्यायला आणली आहे."

त्या पोरांचे बोलणे माझ्या मनात घर करून राहिले. पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी म्हणून माझी पुष्कळ वर्षे नोकरी झाली. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात गाय, बैल, म्हैस, शेळी घेऊन आलेले शेतकरी रोज पाहतो. पण राखणीच्या कुत्र्याला सुई टोचायला घेऊन आलेला शेतकरी मी क्वचितच पाहिला. मांजर घेऊन आलेला तर एकही आठवत नाही.

आपण निर्दय आहोत असे मुळीच नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण लेकरांना सांगतो. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना रोज हात जोडतो. जेवणाआधी कुत्र्याला चतकोर टाकणारी घरे अजून गावोगाव आहेत. भाकरी द्यायला आपला हात आखडत नाही. आखडतो तो सुई द्यायला. आजचा लेख त्यासाठीच आहे. मी शेतीचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पुढे जे सांगणार आहे ते पशुवैद्यकांकडून ऐकलेले, वाचलेले आणि गावात पाहिलेले आहे.

परळ आणि मुकी जनावरे

परळचे नाव गिरण्यांमुळे आपल्याला ठाऊक आहे. जनावरांच्या औषधोपचाराच्या दृष्टीनेही हा भाग फार जुना आहे. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय इथे सव्वाशेहून अधिक वर्षे चालू आहे. पेटिट हे मुंबईतले नावाजलेले पारशी गिरणीमालक घराणे. जवळच १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. देशातल्या जुन्यातल्या जुन्या महाविद्यालयांपैकी ते एक आहे. आपल्या तालुक्यात येणारे अनेक डॉक्टर तिथेच शिकलेले असतात.

परळलाच हाफकिन संस्था आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा डॉ. हाफकिन यांनी प्लेगवरची लस शोधली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली आणि १९२५ साली तिला त्यांचे नाव दिले गेले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची जुनी लसही या संस्थेत तयार होत असे. त्या लसीची माझी ओळख फार जवळची आहे. ती गोष्ट आता सांगतो.

पोटातल्या चौदा सुया

१९८० च्या सुमाराची गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो. मामांच्या चाळीत मोत्या नावाचा कुत्रा होता. तो कुणा एकाचा नव्हता, सगळ्या चाळीचा होता. पहिल्या मजल्यावरून पोळी, दुसऱ्यावरून भात, रात्रपाळीहून येणाऱ्या कामगारांच्या डब्यातले उरलेसुरले. आम्हा मुलांचा तर तो जीव की प्राण. सुई मात्र त्याला कुणीच दिली नव्हती. ज्याला सगळे खायला घालतात, त्याला दवाखान्यात नेणारा कुणीच नसतो.

एके दिवशी मोत्या कोपऱ्यात जाऊन बसला. हाक मारली तरी येईना. दुसऱ्या दिवशी तोंडातून लाळ गळू लागली, आवाज घोगरा झाला. त्याच्या घशात हाड अडकले असेल असे समजून मी जवळ गेलो आणि तो माझ्या पोटरीला कडाडून चावला. मामांनी पाळी बुडवली आणि मला खांद्यावर टाकून दवाखाना गाठला. त्या काळी मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस पोटात टोचत. रोज एक, अशा चौदा सुया. रोज मी रडलो आणि रोज मामा माझ्याबरोबर आले. चौदा दिवसांचा त्यांचा रोज बुडाला. आज मी हा लेख लिहितो आहे, तो त्या चौदा दिवसांमुळे.

दुसरी गोष्ट मला सांगायला जड जाते, पण सांगितलीच पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात घाटमाथ्याच्या एका गावी खतांच्या प्रात्यक्षिकासाठी गेलो होतो. एका शेतकऱ्याच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी कुत्र्याने हाताला ओरखडले होते. घरच्यांनी जखमेत तिखट भरून चिंधी बांधली होती. मुलाच्या बापाने मला विचारले, "साहेब, एवढ्याशा ओरखड्याला दवाखान्यात न्यायला पाहिजे का?" मी म्हटले, "नेलेले बरे." एवढे बोलून मी प्रात्यक्षिकाला गेलो. माझी जीप त्यांच्या दाराशी उभी होती. ज्याने स्वतः चौदा सुया खाल्ल्या होत्या, त्याने त्या बापलेकांना त्याच क्षणी जीपमध्ये बसवायला हवे होते. ते मी केले नाही. पेरणीचे दिवस होते, त्यांनीही नेले नाही. दीड महिन्याने मुलाला ताप आला, पाण्याचा तांब्या पुढे केला की तो दचकून मागे सरू लागला. चार दिवसांत मूल गेले.

रेबीज, म्हणजे पिसाळण्याचा रोग, असा आहे. लक्षणे दिसू लागली की त्यावर उपाय नाही. आणि लक्षणे दिसण्याआधी लस घेतली तर माणूस वाचतो. मधला काळ साधारणपणे एक ते तीन महिन्यांचा असतो, कधी त्याहून कमी, कधी वर्षाहूनही अधिक. जगात रेबीजने जितकी माणसे मरतात त्यांतली सुमारे एक तृतीयांश आपल्या देशात मरतात आणि त्यांत लहान मुले पुष्कळ असतात. मूल घाबरते आणि मार बसेल म्हणून ओरखडा लपवते. म्हणून आपल्या मुलांना आजच सांगून ठेवा: कुत्रा किंवा मांजर चावले, ओरखडले तर घरी लगेच सांगायचे, कुणी रागावणार नाही.

चावल्यावर पहिली पंधरा मिनिटे

जखम वाहत्या पाण्याखाली धरा. नळ नसेल तर कुणीतरी तांब्याने धार धरावी. साबण लावून पुरती पंधरा मिनिटे धुवा. कपड्याचा साबण असला तरी चालेल. लाळेतले विष, म्हणजे रोगाचे विषाणू, धुऊन काढणे हा यातला पहिला आणि मोठा उपाय आहे. तिखट, चुना, हळद, तेल, शेण, तंबाखू यांपैकी काहीही जखमेत भरू नका. घट्ट पट्टी बांधू नका.

त्यानंतर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. सुया आता पोटात नव्हे, दंडात देतात आणि त्या चार-पाचच असतात. मेंढीच्या मेंदूची ती जुनी लस २००५ सालापासून आपल्या देशात वापरात नाही. तेव्हा चौदा सुयांच्या भीतीने घरी बसण्याचे कारण उरलेले नाही. रक्त आले असेल, किंवा चावा तोंडावर, मानेवर, बोटांवर असेल, तर जखमेत भरायचे वेगळे औषधही लागते. त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. त्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा. दिलेल्या तारखांपैकी एकही सुई चुकवू नका. भगताकडे जायचेच असेल तर सुई घेतल्यावर जा, आधी नको.

कुत्रा ओळखीचा असेल तर त्याला मारू नका. बांधून दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. पण सुया सुरू करायला त्या दहा दिवसांची वाट पाहू नका.

गाय, म्हैस, बैल यांनाही पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने हा रोग होतो. चावा दिसला तर जखम हातमोजे घालून तशीच धुवा आणि त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांना बोलवा, जनावरांनाही चाव्यानंतरच्या सुया असतात. एखादे जनावर लाळ गाळत असेल, गिळत नसेल, तर घशात काही अडकले असे समजून तोंडात हात घालू नका. मोत्याच्या बाबतीत माझी चूक तीच झाली होती. अशा जनावराचे दूध घरात किंवा डेअरीत वापरू नये.

कुत्र्याची सुई केव्हा?

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली सुई. पुढची डॉक्टर सांगतील तेव्हा. मग दरवर्षी एक, न चुकता. खताच्या एका गोणीपेक्षा अधिक खर्च यात नाही. लस थंड ठेवावी लागते. औषधाच्या दुकानातून घेऊन उन्हातून खिशात आणली तर ती वाया जाते. कुत्राच दवाखान्यात न्या किंवा डॉक्टरांना गावात बोलवा.

पिल्लांना आणखी एक मोठा धोका असतो. रक्ताचे, दुर्गंधी येणारे जुलाब होतात, उलट्या होतात आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू जाते. हा पार्व्हो नावाचा रोग. त्याची लस दीड ते दोन महिन्यांच्या वयापासून सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. म्हणून नवे पिल्लू आणाल तेव्हा जुन्या जागी आधी असे मरण झाले होते का, याची चौकशी करा.

जंतांचे औषध पिल्लांना पंधराव्या दिवसापासून दर पंधरवड्याला तीन महिने होईपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे दर तीन महिन्यांनी द्यावे. मात्रा वजनावर असते, ती डॉक्टरांना विचारूनच द्या.

जंतांच्या बाबतीत मेंढपाळ आणि शेळीपालक बंधूंनी विशेष लक्ष द्यावे. जत्रेत बकरे कापले की फुप्फुस, काळीज, डोके कच्चेच कुत्र्यापुढे टाकण्याची रीत आहे. त्यात पाण्याने भरलेल्या गाठी असल्या तर त्यातून कुत्र्याच्या पोटात बारीक पट्टकृमी वाढतात. त्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर आणि पाण्यात जातात, तिथून शेळ्यामेंढ्यांच्या आणि माणसांच्याही पोटात. माणसाच्या काळजात किंवा फुप्फुसात लिंबाएवढी, नारळाएवढी गाठ होते आणि शस्त्रक्रिया करावी लागते. मेंढी मान वाकडी करून एकाच जागी गोल गोल फिरू लागते, तिच्या मेंदूतली गाठही पुष्कळदा कुत्र्याच्या अशाच दुसऱ्या एका जंतामुळे असते. कच्चे आतडे-काळीज टाकू नका, चांगले शिजवून द्या. गाठी दिसल्या तर खोल पुरून टाका.

कुत्र्याचे ताट

कुत्रा भाकरी पचवतो. हजारो वर्षे माणसाच्या दाराशी राहून त्याला ती सवय झाली आहे. पण नुसत्या भाकरीवर त्याचे अंग भरत नाही, केस झडतात, पिल्ले अशक्त निपजतात. भाकरीबरोबर रोज काहीतरी बळाचे हवे: एखादे उकडलेले अंडे, घट्ट वरण, ताक किंवा दही, शिजवलेले मटणाचे छाट, खारवलेले नसलेले मासे. थोडा भोपळा किंवा गाजर शिजवून घातले तर पोट साफ राहते. तीन महिन्यांपर्यंत पिल्लाला दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. स्वच्छ पाणी चोवीस तास. शेतावर बांधलेल्या कुत्र्याच्या पाण्याचे भांडे उन्हाळ्यात उलटे पडलेले मी पुष्कळदा पाहतो.

काय देऊ नये तेही पाहू. कांदा आणि लसूण घातलेला रस्सा देऊ नका. कांद्याने कुत्र्याचे आणि मांजराचे रक्त फुटते आणि हिरड्या पांढऱ्या पडतात. द्राक्षे आणि बेदाणे देऊ नका, त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. द्राक्षबागायतदारांनी हे ध्यानात ठेवावे. चॉकलेट देऊ नका. शिजवलेल्या कोंबडीची हाडे देऊ नका, ती काचेसारखी फुटतात आणि आतड्यात रुततात.

मांजर आणि दुधाची वाटी

आता त्या लालबागच्या मांजराकडे येऊ. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खायला काय देता?" बहीण म्हणाली, "दूध-भात. आम्ही माळकरी, घरात मासळी शिजत नाही." डॉक्टर हसले नाहीत की रागावले नाहीत. त्यांनी बॅटरीने मांजराचे डोळे नीट पाहिले आणि मग समजावून सांगितले.

मांजर आणि दूध यांची जोडी आपल्या म्हणींत घट्ट बसली आहे, पण मोठ्या मांजराला दूध नीट पचतच नाही. आईचे दूध तुटले की दुधातली साखर पचवण्याची त्याची शक्ती कमी होते. वाटी चाटूनपुसून संपवते खरे, पण पुष्कळ मांजरांना मग जुलाब होतात. दुसरे असे की मांजर हा मुळात वाघाच्या जातीचा प्राणी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळते. कुत्र्याचे शरीर ते स्वतः तयार करते, मांजराचे पुरेसे करू शकत नाही. ते कमी पडले तर मांजराची नजर जाते आणि हृदय दुबळे होते. हृदयाच्या या दुखण्याचे कारण अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिले.

मग माळकऱ्याच्या घरी मांजर पाळूच नये का? तसे नाही. गावाकडचे मांजर उंदीर मारते आणि आपली गरज बऱ्याच अंशी आपणच भागवते. चाळीतल्या खोलीत ती सोय नाही. बहिणीच्या शेजारी कोळीण मावशी राहतात. आता त्या रोज मांदेली किंवा बांगड्याचे डोके बिनमिठाचे उकडून, काटे काढून, गॅलरीतच मांजरापुढे ठेवतात. बहिणीच्या घराची रीतही राहिली आणि मांजराचे पोटही भरले. ज्यांना शेजार नाही त्यांच्यासाठी मांजरांचे तयार कोरडे खाद्य बाजारात मिळते. त्यात टॉरिन घातलेले असते. त्याच्या शेजारी पाणी मात्र भरपूर हवे. मांजरालाही रेबीजची सुई आणि त्याच्या रोगांची वेगळी लस असते.

मांजराच्या बाबतीत तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक: बोका लघवीला वारंवार बसतो आणि थेंबही पडत नाही, असे दिसले तर ते दुखणे उद्यावर टाकू नका. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत बोका मरतो. दोन: ताप उतरावा म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. एक गोळीही त्याचा जीव घेते. तीन: घरात गरोदर बाई असेल तर मांजराची घाण तिने काढू नये, दुसऱ्याने काढावी. त्यातून होणारा एक रोग पोटातल्या बाळाला बाधतो. मांजर घराबाहेर हाकलण्याची गरज नाही, हात धुण्याची आहे.

शेतावरची विषे

गोठ्यात गोचिडांसाठी आपण सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन यांसारखी औषधे पाण्यात मिसळून फवारतो. गुरांना ती चालतात, मांजराला मात्र ती विष आहेत. मांजराच्या अंगावर ती कधीही लावू नका आणि फवारलेला गोठा वाळेपर्यंत मांजर कोंडून ठेवा. कुत्र्यालाही गुरांच्या मात्रेने लावू नका. कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड मात्र काढलेच पाहिजेत. त्यांच्यामुळे ताप येतो, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. कुत्र्यासाठी वेगळी औषधे मिळतात.

उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाईड कुत्र्या-मांजरांनाही तितकेच मारक आहे. आमिष बिळात घाला आणि तोंड बुजवा, उघड्यावर ठेवू नका. मेलेले उंदीर गोळा करून पुरा. विष खाल्ले असे वाटले तर दूध-तूप पाजत बसू नका, तुपाने हे विष अंगात अधिक भिनते. औषधाची पुडी बरोबर घ्या आणि डॉक्टर गाठा, कारण कोणते विष ते कळले तर उपाय नेमका होतो. ब्रोमॅडिओलोनच्या विषावर, उदाहरणार्थ, वेळेत सुया दिल्या तर जनावर वाचते. फिरत्या पशुचिकित्सा पथकाला बोलावण्यासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे, तो दारामागे लिहून ठेवा.

उंदरांवरून आणखी एक सांगतो. पावसाळ्यात दादरचे हिंदमाता, परळ, लालबाग या भागांत पाणी तुंबते आणि उंदरांच्या लघवीतून लेप्टोचा ताप पसरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने याचा मोठा तडाखा सोसला. हाच ताप भातखाचरात अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यालाही होतो आणि कुत्र्यालाही होतो. कुत्र्यांच्या एकत्र लसीत त्यावरची लस बहुधा असते, डॉक्टरांना विचारून घ्या. आणि पायाला जखम असेल तर स्वतः चिखलात उतरू नका.

मारून संपत नाहीत

गावात कुत्री वाढली की कुणीतरी विष घालण्याची गोष्ट काढतो. मुंबईत हा प्रयोग फार पूर्वी झाला. इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारायला शिपायांना दर कुत्र्यामागे बक्षीस ठेवले. शिपाई पैशाच्या लोभाने पाळलेली कुत्रीही मारू लागले. पारशी समाज कुत्र्याला पवित्र मानतो. जून १८३२ मध्ये कोटभागात दंगल उसळली, दुकाने बंद झाली, इतर समाजही त्यात उतरले. पुढेही कितीतरी वर्षे मुंबईत कुत्री मारली गेली. ती संपली का? एका गल्लीतली मारली की शेजारच्या गल्लीतली तिथे येतात, आणि ती आणखी अनोळखी, सुई न घेतलेली असतात.

म्हणून २००१ साली केंद्र सरकारने नियम केले आणि २०२३ साली ते नव्याने काढले. कुत्र्यांची नसबंदी करायची आणि रेबीजची सुई द्यायची, हे त्यांचे सूत्र आहे. मुंबईत कानाला छोटी खाच असलेली कुत्री दिसतात, ती अशी नसबंदी झालेली. गावातल्या शंभर कुत्र्यांपैकी सत्तरांना सुई मिळाली तर त्या गावात रेबीज पसरत नाही, असे तज्ज्ञ सांगतात. हे काम एका घराचे नाही, ग्रामसभेचे आहे. घरच्या कुत्रीची आणि मांजरीची नसबंदी सहाव्या महिन्याच्या सुमारास करून घ्या. कुत्री नऊ आठवड्यांत विते, मांजरही तितक्याच दिवसांत. पोत्यात घालून पिल्ले दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडण्याचे पाप टळेल.

सोबत

शेवटी सोबतीबद्दल थोडे. १९८२ च्या संपानंतर मामांची गिरणी पुन्हा नीट चालली नाही. घरी बसलेला, कमी बोलणारा माणूस. त्या काळात चाळीत नवे पिल्लू आले होते. मामा पहाटे त्याला घेऊन फिरायला निघत आणि वाटेत दोन माणसांशी बोलत. मामी म्हणायच्या, "ह्या कुत्र्यानं यांना घराबाहेर काढलं." आणि त्या कुत्र्याला दरवर्षी सुई द्यायला मामा स्वतः परळला जात. मोत्याने त्यांना शिकवले होते.

आपल्याकडे कुत्रा राखणीला ठेवतात आणि दिवसरात्र साखळीला बांधतात. असा कुत्रा चिडका होतो आणि घरच्याच पोराला चावतो. रोज सकाळ-संध्याकाळ त्याला मोकळे सोडा, शेतावर बरोबर न्या, नावाने हाक मारा. जेवताना आणि पिल्लांजवळ त्याला छेडू नये हे मुलांना शिकवा. बिबट्याच्या भागात रात्री त्याला उघड्यावर बांधू नका. साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यापुढे वाढलेले ताट. त्याला आत घ्या किंवा बंद खोपट करा.

दवाखान्यातून निघताना ती चार पोरे पुन्हा भेटली. त्यांच्या कुत्रीला सुई दिली होती आणि एक पोरगा पुढच्या वर्षीची तारीख वहीत लिहून घेत होता. गावी आल्यावर मी आमच्या आळीत दहा घरे फिरलो. दहा घरांत मिळून सात कुत्री निघाली. डॉक्टरांना एका रविवारी बोलावले, पारावर सगळी कुत्री आणली, तासाभरात काम झाले. तुमच्या आळीत किती कुत्री आहेत? येत्या २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन आहे. त्याआधीच्या एखाद्या रविवारी मोजा आणि डॉक्टरांना निरोप पाठवा.